जनावर दवाखान्यात दगावलं, आता पुढे काय? बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावात मी वकिली करतो, ग्राहक आयोगातली कामं जास्त. घरचं कुत्रं-मांजर उपचारात गेलं म्हणून फोन करणारी माणसं शहापूर-अनगोळपासून खानापूर, संकेश्वर, निपाणीपर्यंतची असतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. फोन येतो तोवर बऱ्याचदा जनावर पुरून आठवडा झालेला असतो, आणि केसचा निम्मा जीव त्याच खड्ड्यात गेलेला असतो. म्हणून पहिल्या दिवसाची उत्तरं आधी लिहिली आहेत, आयोगाची नंतर.

आत्ताच गेलं. काही सुचत नाही. सगळ्यात आधी काय करू?

डॉक्टरांवर संशय असेल तर लगेच पुरू नका. आंघोळ घालू नका, तोंड-नाक पुसून स्वच्छ करू नका. देह प्लास्टिकमध्ये गुंडाळून भोवती बर्फाच्या पिशव्या ठेवा आणि सावलीत ठेवा. डीप फ्रीजरमध्ये मात्र टाकू नका. गोठलं की पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासारखं फार उरत नाही. शवविच्छेदन चोवीस तासांच्या आत झालं तर बरं. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये तेवढाही वेळ मिळत नाही.

मग फोटो. सुईच्या खुणा, टाके, सूज, हिरड्यांचा रंग, जे दिसेल ते. उरलेली औषधं, सलाइनची रिकामी बाटली, बिलं, लसीचं कार्ड एका पिशवीत घाला. दवाखान्यात कॅमेरे असतील तर त्याच दिवशी दोन ओळींचं पत्र द्या की अमुक वेळेचं चित्रण जपून ठेवा. ही चित्रणं काही दिवसांनी आपोआप पुसली जातात, आणि नंतर “ते राहिलं नाही हो” म्हणणारा माणूस खोटं बोलत असतोच असं नाही.

शवविच्छेदन कोण करून देईल?

सरकारी पशुवैद्यकीय रुग्णालयातल्या अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करा. ज्या दवाखान्यावर आक्षेप आहे त्यानेच ते करू नये, एवढं पाळा. अर्जात “मृत्यूचं कारण समजण्यासाठी” इतकंच लिहा. “डॉक्टरने मारलं” असं लिहिलेल्या अर्जाला हात लावायला कुणी धजत नाही, आणि त्यात त्यांचा फार दोष आहे असं मला वाटत नाही.

नुसतं पोट उघडून बघणं पुरत नाही. अवयवांचे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये (नमुना कुजू न देणाऱ्या द्रावणात) घालून तपासणीला गेले पाहिजेत, हे आधीच विनंती करून सांगा. विषप्रयोगाचा संशय असेल तर नमुने पोलिसांमार्फत न्यायसहायक प्रयोगशाळेकडे जातात. तिथे पोलीस ठाण्याची पायरी चढावीच लागते.

आणि एक अपवाद. चालताना झोकांड्या, लाळ, पाणी गिळता न येणं, अचानक चावरेपणा अशी लक्षणं होती का? मग रेबीजचा विचार आधी. उघड्या हातांनी देहाला शिवू नका, डॉक्टरांना लक्षणं आधी सांगा. तिथे मेंदूचा नमुना महत्त्वाचा असतो. घरात ज्यांना चावलं, ओरखडलं किंवा ज्यांच्या जखमेला, डोळ्या-तोंडाला लाळ लागली त्यांनी जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवून त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठायचं. भांडण दोन वर्षं थांबू शकतं, रेबीजची लस थांबू शकत नाही.

दवाखाना उपचाराचे कागद देत नाही. नियमाने बहात्तर तासांत द्यावे लागतात ना?

तो बहात्तर तासांचा नियम माणसांच्या डॉक्टरांचा आहे. पशुवैद्यांसमोर तो नाचवलात तर समोरचा हसेल आणि तुमचं बाकीचं म्हणणंही हलकं पडेल. तरीही मागा, लेखी मागा, पोच घ्या. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. मागूनही कागद दिले नाहीत ही गोष्ट पुढे आयोगासमोर तुमच्या बाजूने बोलते.

काय मागायचं? केसपेपर, रक्ततपासणी, एक्स-रे, संमतीपत्राची प्रत, आणि दाखल केलं असेल तर उपचाराचा तक्ता. हा तक्ता नीट बघा. किती वाजता ताप घेतला, किती मिली सलाइन गेलं, कुठलं औषध किती दिलं, रात्री कोण होतं. चांगल्या दवाखान्यात तो पिंजऱ्याला अडकवलेला असतो, त्यावर निरनिराळ्या पेनांच्या नोंदी असतात, एखादी खाडाखोड असते, सलाइनचा डाग असतो. एकाच शाईत, एकाच हाताने, कुठेही न अडखळता लिहिलेले तीन दिवस दिसले की मी चष्मा पुसून पुन्हा वाचतो. पण लहान दवाखान्यात बऱ्याचदा तक्ताच नसतो, लेटरपॅडच्या चिठोऱ्यावर औषधांची नावं असतात. नोंद नसणं म्हणजे उपचार झाला नाही असं नव्हे, पण उपचार झाला हे सांगायचा भार मग डॉक्टरांवर येतो.

बिल पूर्ण भरल्याशिवाय देह देत नाहीत. काय करू?

पैसे भरा आणि पावतीवर किंवा त्याच वेळी पाठवलेल्या व्हॉट्सॲप संदेशात लिहा की “हरकत नोंदवून रक्कम भरली”. पैसे नंतर परत मागता येतात. काउंटरवर तीन तास वाद घातलात तर शवविच्छेदनाची वेळ टळते.

डॉक्टरांना भेटून बोलावं का, की सरळ नोटीस पाठवावी?

बोला. मात्र त्याच दिवशी नको, आणि गल्लीतली दहा पोरं घेऊन तर अजिबात नको. दोन-तीन दिवसांनी, कागद हातात घेऊन, घरातलं एक शांत माणूस सोबत घेऊन जा. “काय झालं ते आम्हाला समजून सांगा” असं म्हणा.

माझ्याकडे येणारी पुष्कळ प्रकरणं उपचाराची नसतातच, न बोलण्याची असतात. संध्याकाळी फोनवर “स्टेबल आहे” सांगितलं, सकाळी “गेलं” सांगितलं, मधल्या बारा तासांबद्दल कुणी तोंड उघडत नाही. वास्तविक त्या बारा तासांत डॉक्टर जागा असेलही. पण आपल्याकडच्या बऱ्याच पशुवैद्यांना चुकल्याची कबुली आणि वाईट वाटल्याची कबुली यातला फरक करता येत नाही. दुसरी दिली तरी पहिली अंगावर येईल या भीतीने ते गप्प बसतात, आणि ती चुप्पीच त्यांना आयोगापर्यंत आणते.

मग कायद्याने हलगर्जीपणा कशाला म्हणतात?

जनावर मेलं म्हणजे हलगर्जीपणा झाला असं नाही. त्या परिस्थितीत साधारण कौशल्याच्या पशुवैद्याने जी काळजी घेतली असती ती घेतली का, एवढंच बघतात. माणसांच्या डॉक्टरांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात हे माप सांगितलं, आणि पशुवैद्यांच्या प्रकरणातही वाद त्याच मापाने चालतो. दोन उपचारपद्धती मान्य असतील आणि डॉक्टरांनी त्यातली एक निवडली, तर दुसरी का नाही निवडली म्हणून त्यांना दोषी धरत नाहीत.

उदाहरण घेऊ. जांबोटीच्या एका खोलीच्या दवाखान्यात सोनोग्राफी नाही, हा दोष नाही. पण मोठ्या जातीचं कुत्रं आलं, पोट ढोलासारखं फुगलेलं, ओकारीचे उमाळे येतात पण बाहेर काही पडत नाही, आणि डॉक्टरांनी गॅसचं औषध देऊन घरी पाठवलं. हे वेगळं. ही पोट पिळवटल्याची ठळक लक्षणं आहेत आणि यात तासांचा हिशेब असतो. “माझ्याकडे सोय नाही, ताबडतोब बेळगावला न्या” एवढं सांगणं हासुद्धा उपचारच, आणि ते न सांगणं हा हलगर्जीपणा ठरू शकतो.

सापाचंही तसंच. खानापूरच्या जंगलपट्ट्यात कुत्र्यांना घोणस-नाग चावणं नवं नाही. कुत्र्यांनाही माणसांसाठी बनवलेलं तेच बहुविध (एकाहून जास्त सापांच्या विषावर चालणारं) प्रतिविष द्यावं लागतं आणि ते प्रत्येक दवाखान्याच्या फ्रिजमध्ये नसतं. नव्हतं म्हणून डॉक्टर दोषी ठरणार नाही. नव्हतं हे दोन तास लपवलं, तर ठरू शकतो.

पिल्लाला लस दिली आणि तिसऱ्या दिवशी पार्वोने (जुलाब-उलट्यांच्या साथीच्या आजाराने) गेलं. लसच खराब होती ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असं असतं. पार्वोचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात. म्हणजे तिसऱ्या दिवशी आजारी पडलेलं पिल्लू बहुधा लसीच्या आधीच लागण झालेलं होतं. शिवाय आईच्या चिकातून आलेली प्रतिकारशक्ती सुरुवातीच्या डोसांना निष्प्रभ करू शकते. म्हणूनच सहा-आठ आठवड्यांपासून सुरू करून सोळा आठवड्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांनी डोस परत देतात. एक डोस झाला म्हणून पिल्लाला गल्लीत फिरवलं, तर त्याला डॉक्टर काय करणार?

तरी दोन गोष्टी तपासा. कार्डावर लसीच्या बाटलीचं स्टिकर, त्यावर बॅच नंबर आणि मुदत आहे का? आणि लस टोचायच्या आधी डॉक्टरांनी ताप बघितला का, पोटाबद्दल विचारलं का? “सर, कालपासून पाणीबी पिईना” असं सांगूनही लस टोचली असेल तर बोलायला जागा आहे. स्टिकरच्या जागी नुसती सही आणि तारीख असेल तरीही. लस दोन ते आठ अंशांत राहावी लागते, आणि आपल्या भागात वीज जाते तेव्हा फ्रिजचं काय होतं हा प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

नसबंदीसाठी नेलं, भूल दिली, परत उठलंच नाही.

भुलीत धोका असतोच. ब्रिटनमधल्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत निरोगी कुत्र्यांत साधारण दोन हजारांत एक आणि आजारी कुत्र्यांत साधारण पंचाहत्तरांत एक असा मृत्यूचा आकडा होता. तेव्हा निरोगी जनावर भुलीत जाणं दुर्मीळ आहे, पण अशक्य नाही.

विचारायचे प्रश्न असे: आधी वजन केलं का, की अंदाजाने डोस ठरवला? हृदय तपासलं का? उपाशी ठेवायला सांगितलं होतं का, आणि तुम्ही ठेवलं होतं का? शुद्धीवर येईपर्यंत जवळ कोण होतं? या शेवटच्या प्रश्नावर बरीच प्रकरणं अडखळतात, कारण टाके घातल्यावर डॉक्टर पुढच्या केसला गेलेले असतात.

आपल्याकडे मुधोळ आणि पश्मी जातीची शिकारी कुत्री पाळणारे पुष्कळ, म्हणून एक मुद्दा. ग्रेहाऊंडसारख्या सडपातळ शिकारी जातींच्या अंगात चरबी कमी असते आणि थायोपेंटोनसारख्या भुलीच्या औषधाचा अंमल त्यांच्यात लांबतो. जात नोंदवली होती का आणि औषध कुठलं वापरलं, हे केसपेपरवर बघा.

संमतीपत्रावर सही केली म्हणून हक्क जात नाही. ज्ञात धोका तुम्ही मान्य केलात, निष्काळजीपणा नव्हे.

कायमचं झोपवायचं इंजेक्शन दिलं तेव्हा डोळे उघडेच होते, मागून दोन श्वासही घेतले. जिवंतपणी पुरलं का आम्ही?

नाही. मरणानंतर जनावराचे डोळे बहुतेक उघडेच राहतात. हृदय थांबल्यावरही काही वेळ छाती उचकल्यासारखी हलते, पाय थरथरतात, लघवी होते. ही स्नायूंची हालचाल आहे, वेदना नव्हे. डॉक्टरांनी आधी सांगायला हवं होतं. गाढ भूल देऊन मगच शेवटचं औषध दिलं का आणि स्टेथोस्कोप लावून खात्री केली का, हे मात्र जरूर विचारा. भूल न देता थेट दुसरं काही टोचलं असेल तर ती गंभीर तक्रार आहे.

आम्ही घरी एक गोळी दिली होती. ते सांगावं लागेल का?

लागेल, आणि आपल्या वकिलाला तर पहिल्याच भेटीत. मांजराला पॅरासिटामॉल विषासारखं असतं, पाचशेची एक गोळी जीव घेऊ शकते. हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतं. कुत्र्यांना आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकही घातक. डॉक्टरांना हे न सांगता नेलं असेल तर उलटतपासणीत ते निघणारच.

उपचार करणारा खरा डॉक्टर नव्हताच असं आता कळलं.

मग प्रकरणाचा रंगच बदलला. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ नुसार नोंदणी असलेल्या पशुवैद्यालाच हा व्यवसाय करता येतो. पदविकाधारक सहायकांना किरकोळ सेवा करता येतात, त्याही नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली. खेड्यात रेतन करणारा, औषधदुकानात बसणारा, पूर्वी कुठेतरी कंपाउंडर असलेला, यांनाही आपण सरसकट “डॉक्टर” म्हणतो. पण शस्त्रक्रिया करणं त्यांच्या अखत्यारीत नाही. पाटीवर किंवा चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक आहे का बघा आणि कर्नाटक राज्य पशुवैद्यक परिषदेकडे पडताळा. सीमेपलीकडचा डॉक्टर असेल तर महाराष्ट्राच्या परिषदेकडे.

नोंदणी असलेल्या डॉक्टरच्या गैरवर्तनाची तक्रारही त्याच परिषदेकडे जाते. परिषद नोंदवहीतून नाव काढू शकते. तुम्हाला भरपाई देऊ शकत नाही.

पोलिसांत तक्रार दिली तर?

बहुतेक वेळा हात हलवत परत याल. निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याचा गुन्हा माणसांच्या बाबतीत आहे. कायद्याच्या लेखी जनावर ही मालमत्ता, आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ जनावर मारण्या-जायबंदी करण्याबद्दल असलं तरी त्यात जाणूनबुजून नुकसान केल्याचं दाखवावं लागतं. उपचार चुकला म्हणून ते लागत नाही. मारहाण, विषप्रयोग, बोगस डॉक्टर असेल तर जरूर जा.

ग्राहक आयोगात जायचं तर काय काय लागतं?

पैसे देऊन घेतलेली पशुवैद्यकीय सेवा ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली येते. (वकिलांची सेवा मात्र सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये या कायद्याबाहेर ठेवली. म्हणजे डॉक्टरांवर तुम्ही आयोगात जाऊ शकता, माझ्यावर नाही. हसा खुशाल.) कुत्री विकण्याचा धंदा असेल तर ‘व्यावसायिक हेतू’चा आक्षेप येतो, घरच्या जनावराला ती अडचण नाही.

मुदत दोन वर्षं. दवाखान्याला दिलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, म्हणजे आपण सगळे तिथेच. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील सक्तीचा नाही. तक्रार ई-जागृति पोर्टलवरूनही भरता येते. समोरच्याला उत्तरासाठी तीस दिवस, फार तर आणखी पंधरा. कायदा तीन ते पाच महिन्यांत निकाल म्हणतो. तुम्ही त्यापेक्षा बराच जास्त वेळ धरून चला.

भाषेचं आधीच उरकून घ्या. तक्रार कन्नड किंवा इंग्रजीत लिहा आणि मराठी कागदांना भाषांतर जोडा. आमच्याकडे मराठी व्हॉट्सॲप संभाषणं पानंच्या पानं येतात, “बाळ कसं आहे सर” इथपासून. त्यातली कामाची निवडून, तारीख-वेळेसह भाषांतर करून घ्या, पण मूळ संभाषण फोनमधून पुसू नका आणि फोन बदलू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र त्याला जोडावं लागतं.

तज्ज्ञाचं मत मिळवणं हीच खरी चढण. गावातला एक पशुवैद्य दुसऱ्याविरुद्ध लिहून देत नाही. म्हणून बाहेरच्या पशुवैद्यक महाविद्यालयातल्या प्राध्यापकाकडे कागद दाखवा. पोटात बोळा राहिला, चुकीच्या पायाची शस्त्रक्रिया झाली, असं उघड असेल तिथे तज्ज्ञ लागतोच असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली किशन राव खटल्यात तसं म्हटलं आहे.

खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. मदतक्रमांक १५१००.

आम्ही निपाणीचे, उपचार कोल्हापुरात झाले. केस कुठे?

बेळगावात करता येते. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा पोटापाण्याचं काम करतो तिथल्या आयोगात जायची मुभा दिली. आधी दवाखाना ज्या जिल्ह्यात तिथेच जावं लागे. निपाणी-संकेश्वरच्या माणसाला कोल्हापूर जवळ पडतं, कागदही मराठीत, तेव्हा तिथेच केस करणं सोयीचं असेल तर तसंही करा. दोन्हीकडे मात्र करू नका.

उपचार सरकारी दवाखान्यात झाले होते.

सगळ्यांनाच मोफत असलेली सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही, नुसती नोंदणीची चिठ्ठी फाडली तरी नाही. तालुक्याच्या सहायक संचालकांकडे आणि जिल्ह्याच्या उपसंचालकांकडे लेखी तक्रार द्या. नोंदवहीची प्रत माहिती अधिकारात मागा. कर्नाटकात तो अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो. तीन पानी कैफियत परत येते. १९६२ या फोन क्रमांकावरून बोलावलेल्या सरकारी फिरत्या दवाखान्यासाठीही हाच रस्ता.

भरपाई किती मिळेल?

बिलाचे पैसे, जनावराची बाजारातली किंमत, मानसिक त्रासाबद्दल काही आणि खर्च, असा हिशेब मागता येतो. रस्त्यावरून उचलून आणलेल्या कुत्र्याची बाजारात किंमत शून्य. तिथे त्रासाची रक्कमच काय ती. केसवर जाणारा वेळ आणि पैसा याहून जास्त मिळेल असं मी कुणालाच सांगत नाही. तरी लोक लढतात, ‘चूक झाली’ हे कागदावर यावं म्हणून. ते कारण मला पुरेसं वाटतं, फक्त आधी स्वतःशी कबूल करा. मध्यस्थीची सोय याच कायद्यात आहे. बिल परत आणि माफीचं पत्र यावर मिटत असेल तर मिटवा.

दवाखान्याचं नाव घालून स्टेटस ठेवलं, रिव्ह्यू लिहिला. आता त्यांचीच नोटीस आली.

“अमुक तारखेला नेलं, रात्री कुणी नव्हतं, सकाळी मृत्यू कळवला” असं घडलेलं लिहिलं असेल तर घाबरू नका. “खुनी”, “लुटारू” लिहिलं असेल तर आजच काढा. बदनामी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा आहे. नोटिशीला उत्तर द्या, गप्प बसू नका.

घरात मुलं रडतात. लगेच दुसरं पिल्लू आणू का?

आधीचं पार्वोने गेलं असेल तर थांबा. तो विषाणू अंगणात, मातीत कित्येक महिने, कधी वर्षभरही टिकतो आणि फिनेलने मरत नाही. फरशी, भांडी आधी धुवून घ्या, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि तीस भाग पाणी असं करून दहा मिनिटं ओलं राहू द्या. मातीला हा उपाय चालत नाही. पट्टा, अंथरूण जाळून टाका. आणायचंच असेल तर लसींचा पूर्ण क्रम झालेलं, चार महिन्यांच्या पुढचं आणा, आणि लसीचं कार्ड स्टिकरांसकट विकणाऱ्याकडून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.